ग्रंथसंपादन : प्रकार व निवड

लेखकाने पूर्ण केलेले हस्तलिखित ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती जाण्यापूर्वी त्यावर जे चिकित्सक संस्कार केले जातात, त्यांना स्थूलमानाने ग्रंथसंपादन म्हणतात. ‘संपादन’ ही एकच संज्ञा रूढ असली, तरी तिच्या पोटी परस्परांहून भिन्न अशी अनेक कामे येतात. ग्रंथाची मांडणी, प्रकरणांचा क्रम व आशयाचा तोल यांचा विचार करणारे संरचनात्मक संपादन. वाक्यरचना, शब्दयोजना व शैली यांकडे पाहणारे भाषिक संपादन. लेखनपद्धती, नावे, आकडे व संदर्भ यांत एकवाक्यता आणून मुद्रणप्रत सिद्ध करणारे प्रतसंस्करण. आणि जुळविलेला मजकूर मुद्रणप्रतीशी ताडून पाहणारे मुद्रितशोधन, हे त्याचे चार प्रमुख प्रकार होत. ग्रंथकर्ता हयात नसेल आणि ग्रंथ अनेक नकलांच्या द्वारे उपलब्ध झाला असेल, तर पाठसंपादन हा पाचवा प्रकार संभवतो. हे सर्व प्रकार वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या गरजांतून उदयास आले. त्यामुळे प्रत्येकात संपादकाला असलेला अधिकारही वेगळा आहे. एखाद्या हस्तलिखिताला यांपैकी कोणता संस्कार हवा आणि कोणता नको, हे ठरविणे हा संपादनातील पहिला व बहुधा सर्वांत कठीण निर्णय असतो.

पाठसंपादन : संपादनाचा हा सर्वांत प्राचीन प्रकार आहे. ईजिप्तमधील ॲलेक्झांड्रिया येथील ग्रंथालयात इ. स. पू. तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत होमरच्या महाकाव्यांच्या निरनिराळ्या प्रती ताडून पाहण्यात आल्या. झेनॉडोटस या ग्रंथपालाने संशयित ओळींच्या बाजूला ‘ओबेलस’ नावाची एक आडवी रेघ काढण्याची पद्धत सुरू केली व पुढे ॲरिस्टार्कसने तिचा अधिक शिस्तबद्ध वापर केला. या चिन्हाचे महत्त्व असे, की ओळ प्रक्षिप्त वाटली तरी ती प्रतीत कायम राही. संपादकाचा संशय समासात नोंदला जाई आणि अंतिम निर्णय वाचकाच्या स्वाधीन असे. आपले मत व ग्रंथकाराचे शब्द यांत भेद राखण्याचे हे तत्त्व पुढील सर्व चिकित्सक संपादनाचा पाया ठरले.

मराठीत या प्रकारची परंपरा मुद्रणकलेपूर्वीची आहे. शके १२१२ (१२९०) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नकला पुढील तीन शतकांत होत गेल्या आणि त्यांत अपपाठ शिरले. संत एकनाथांनी शके १५०६ (१५८४) मध्ये उपलब्ध प्रती ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि या ग्रंथात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. स्वतः श्रेष्ठ कवी असलेल्या संपादकाने स्वतःलाही हे बंधन घालून घ्यावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. तथापि या शुद्धीकरणात मूळ भाषारूप कितपत टिकले, हा प्रश्न पुढे उपस्थित झाला. एकनाथपूर्व मानलेल्या एका प्रतीच्या आधारे वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये स्वतंत्र आवृत्ती काढली, ती याच प्रश्नातून.

पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे या प्रकाराचे आधुनिक भारतातील सर्वांत मोठे उदाहरण होय. तिच्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासण्यात आली व १९६६ मध्ये संहितेचे काम पूर्ण झाले. प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर यांनी आदिपर्वाच्या १९३३ मधील प्रस्तावनेत उत्तरी व दाक्षिणात्य पाठपरंपरांचे परस्परसंबंध आणि पाठनिवडीची तत्त्वे विशद केली. जेथे स्वीकारलेला पाठ पूर्णतः निश्चित नाही, तेथे या आवृत्तीत शब्दांखाली नागमोडी रेघ आढळते. ओबेलस व ही रेघ यांत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी दोहोंमागील दृष्टी एकच आहे. पाठसंपादकाला उपलब्ध पाठांतून निवड करता येते. काव्य अधिक चांगले करण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो.

मुद्रितशोधन : मुद्रणकलेच्या प्रसारानंतर चुकांचे स्वरूप पालटले. नकलाकाराची चूक एका प्रतीपुरती मर्यादित असे, तर खिळे जुळविणाऱ्याची चूक संपूर्ण आवृत्तीत उमटू लागली. त्यामुळे यूरोपातील मोठ्या छापखान्यांत सोळाव्या शतकात शोधकाचे स्वतंत्र पद निर्माण झाले व त्यावर पुष्कळदा भाषापंडितांची नेमणूक होई. लाइपसिक येथे १६०८ मध्ये हायरोनिमस हॉर्नशूख याने मुद्रितशोधनावरील आद्य पुस्तिका प्रसिद्ध केली. वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या या शोधकाने मुद्रकांच्या हलगर्जीपणाइतकाच लेखकांच्या गिचमिड मुद्रणप्रतींनाही दोष दिला आहे. चांगली प्रत हाती आल्याखेरीज चांगले मुद्रितशोधन होत नाही, हा त्याचा मुद्दा आजही खरा आहे.

मुद्रितशोधनाला सर्वांत शेवटचे आणि म्हणून सर्वांत हलके काम समजण्याची प्रवृत्ती आढळते. लंडनमध्ये १६३१ साली राजमुद्रकांनी छापलेल्या बायबलमध्ये व्यभिचारविषयक आज्ञेतील ‘नको’ हा अर्थ देणारा एक शब्द गळाला आणि निषेधाची आज्ञाच झाली. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला व त्यांचा परवाना काढून घेण्यात आला. या ग्रंथाच्या आशयात किंवा भाषेत कोणाला काही सुधारावयाचे नव्हते. त्याला हवी होती ती केवळ शेवटची दक्ष नजर, आणि नेमकी तीच मिळाली नाही.

प्रतसंस्करण : जुळणी झाल्यानंतर केलेला प्रत्येक बदल खर्चाचा ठरतो, या व्यावहारिक कारणाने मुद्रणप्रतच आधी निर्दोष करण्याची पद्धत वाढीस लागली. एकाच ग्रंथात एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला जाऊ नये, तारखा व आकडे एकाच रीतीने यावेत, तळटिपांचे क्रमांक जुळावेत, यांसाठी छापखाने आपापले नियम करू लागले. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयातील होरेस हार्ट याने १८९३ मध्ये जुळाऱ्यांसाठी व शोधकांसाठी केलेली नियमावली १९०४ पासून सर्वांना उपलब्ध झाली. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ मध्ये आपली नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयातील जूडिथ बुचर हिच्या १९७५ मधील मार्गदर्शक ग्रंथाने या कामाला एका स्वतंत्र व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्यात मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांचा मोठा वाटा होता. त्यांची विरामचिन्हांची परिभाषा १८५० मध्ये प्रसिद्ध झाली. शुद्धलेखनाबाबतची एकवाक्यता मात्र बऱ्याच उशिरा आली. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम १९६२ मध्ये मान्य झाले व १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांतील एक नियम संपादनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. केशवसुतपूर्वकालीन पद्य व विष्णुशास्त्री चिपळूणकरपूर्वकालीन गद्य मूळानुसार छापावे आणि त्यानंतरचे लेखन प्रचलित नियमांनुसार छापावे, असे त्यात सांगितले आहे. कोणत्या हस्तलिखितावर प्रतसंस्करण करावयाचे आणि कोणत्या हस्तलिखिताला पाठसंपादनाचे निकष लावावयाचे, याची सीमारेषाच येथे आखून दिली आहे. अशी रेषा थोडीफार कृत्रिम असणे अपरिहार्य असते. परंतु ती नसेल, तर जुन्या ग्रंथांचे ऱ्हस्व-दीर्घ नव्या वळणाने सुधारले जातात आणि भाषेच्या इतिहासाचे एक साधन नष्ट होते.

संरचनात्मक संपादन : एकोणिसाव्या शतकात छापखाना व प्रकाशनसंस्था एकमेकांपासून वेगळ्या झाल्या आणि हस्तलिखित स्वीकारावे की नाही, याबाबत सल्ला देणारा प्रकाशकाचा वाचक पुढे आला. इंग्रज कादंबरीकार जॉर्ज मेरेडिथ हा असाच एक वाचक होता. टॉमस हार्डीची पहिली कादंबरी १८६९ मध्ये त्याच्याकडे आली, तेव्हा तिच्यातील उपरोध फार तीव्र असल्याने ती प्रसिद्ध न करण्याचा व कथानकावर अधिक भर देणारी कादंबरी लिहिण्याचा सल्ला त्याने हार्डीला दिला. हार्डीने १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत हा सल्ला इतका मनावर घेतला, की तिचे कथानक गुंतागुंतीने लादले गेले. पहिली कादंबरी अप्रकाशितच राहिली. सल्ला देणाऱ्याने काय म्हटले याइतकेच लेखकाने त्यातून काय घेतले, यावरही अशा संपादनाचे फलित अवलंबून असते, हे या प्रसंगावरून दिसून येते.

या परंपरेतील एडवर्ड गार्नेट (१८६८–१९३७) याने डी. एच. लॉरेन्सच्या सन्स अँड लव्हर्स (१९१३) या कादंबरीतून सुमारे एक-दशांश मजकूर वगळला. लॉरेन्सने ती काटछाट मान्य केली व कादंबरी गार्नेटलाच अर्पण केली. पुढे १९९२ मध्ये संपूर्ण पाठ केंब्रिजच्या आवृत्तीत प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाने संमती दिलेला पाठ प्रमाण मानावा की मुळात लिहिलेला, असा पाठसंपादनाचा नवा प्रश्न निर्माण झाला. टी. एस. एलियटच्या द वेस्ट लँड (१९२२) या काव्याचे एझ्रा पाउंडने केलेले संपादन याहूनही मूलगामी होते. दीर्घ प्रसंग वगळले जाऊन त्याच्या ४३४ ओळी उरल्या. पाउंडच्या खुणांसह मूळ कच्चा खर्डा १९७१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या काटछाटीने काव्याला त्याचे रूप दिले, याची वाचकांना खात्री पटली.

न्यूयॉर्क येथील स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेतील मॅक्सवेल पर्किन्स (१८८४–१९४७) याची कारकीर्द निवडीच्या प्रश्नावर सर्वाधिक प्रकाश टाकते. एफ्. स्कॉट फिट्सजेरल्डच्या द ग्रेट गॅट्सबी या कादंबरीचे हस्तलिखित वाचून त्याने नोव्हेंबर १९२४ मध्ये लेखकाला एक दीर्घ पत्र लिहिले. नायकाची व्यक्तिरेखा धूसर राहिली आहे आणि त्याच्या संपत्तीचा उगम वाचकाला कळत नाही, हे त्याचे प्रमुख आक्षेप होते. त्याने स्वतः एकही परिच्छेद पुन्हा लिहिला नाही. फिट्सजेरल्डने जुळणीच्या मुद्रितांवरच कादंबरीची बरीचशी पुनर्रचना केली आणि १९२५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. येथे उणीव संपादकाने दाखविली आणि उपाय लेखकाने शोधला.

टॉमस वुल्फ (१९००–३८) याच्या बाबतीत पर्किन्सने निराळा मार्ग स्वीकारला. वुल्फचे लेखन अफाट विस्ताराचे व अनावर असे. १९२९ मधील त्याच्या पहिल्या कादंबरीतून साठ हजारांहून अधिक शब्द वगळण्यात आले. दुसरी कादंबरी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी दोघांनी दीर्घकाळ एकत्र बसून काम केले आणि अखेर वुल्फ बाहेरगावी असताना पर्किन्सने मुद्रणप्रत छापखान्याकडे रवाना केली. १९३६ मध्ये बर्नार्ड डी व्होटो या समीक्षकाने, वुल्फचे ग्रंथ संपादकाच्या मदतीवाचून आकारास येत नाहीत, अशा आशयाची कठोर टीका केली. ही टीका वुल्फच्या जिव्हारी लागली आणि १९३७ मध्ये त्याने स्क्रिब्नर्सचा निरोप घेतला. वर्षभरातच तो मृत्यू पावला. पहिल्या कादंबरीचा मूळ पाठ २००० साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. पर्किन्सच्या संपादनावाचून ती कादंबरी १९२९ मध्ये वाचकांपर्यंत कदाचित पोहोचली नसती. परंतु ग्रंथ आपला आहे की नाही, असा संशय ज्या संपादनामुळे लेखकाच्या मनात उत्पन्न होतो, त्याची किंमत ग्रंथाच्या यशाने भरून निघत नाही, हेही तितकेच खरे.

पर्किन्सच्याच कारकीर्दीतील तिसरे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. फिट्सजेरल्डची पहिली कादंबरी १९१८ मध्ये नाकारली गेली होती. निवेदन प्रथमपुरुषाऐवजी तृतीयपुरुषात करावे, या पर्किन्सच्या सूचनेनुसार लेखकाने ती नव्याने लिहिली व १९२० मध्ये ती गाजली. पण फिट्सजेरल्डचे शुद्धलेखन कच्चे होते आणि पर्किन्सलाही त्या बाजूची दृष्टी नव्हती. परिणामी पुस्तकात इतक्या चुका राहिल्या, की वृत्तपत्रांतून त्यांच्या याद्या छापल्या गेल्या. संरचनेचा उत्तम जाणकार प्रतसंस्करणाची जागा घेऊ शकत नाही, हा त्याचा अर्थ होय.

भाषिक संपादन : संरचनेतील बदल लेखकाच्या ध्यानात येतात व त्यांवर वाद घालता येतो. भाषेतील बदल मात्र एकेका शब्दाने होत असल्याने त्यांचा एकत्रित परिणाम उशिरा जाणवतो. लेखकाचा स्वर हरवण्याचा धोका या प्रकारात सर्वाधिक असतो. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन (१८३०–८६) हिच्या कवितांचा पहिला संग्रह तिच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये मेबल लूमिस टॉड व टी. डब्ल्यू. हिगिन्सन यांनी संपादून काढला. संपादकांनी कवितांना शीर्षके दिली, तिची वैशिष्ट्यपूर्ण विरामचिन्हे बदलली आणि काही ठिकाणी यमके व शब्दही तत्कालीन अभिरुचीला मानवतील असे केले. तिची मूळ शैली बव्हंशी हस्तलिखितांबरहुकूम वाचकांना उपलब्ध होण्यास टॉमस जॉन्सनची १९५५ मधील आवृत्ती यावी लागली.

याउलट उदाहरण मराठीत आढळते. खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. शेतात व घरात काम करता करता रचलेली त्यांची गाणी कुटुंबातील मंडळींनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुत्र सोपानदेव चौधरी व आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने ती पुस्तकरूपाने प्रकाशात आली. ती प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करून घेतली गेली नाहीत. खानदेशी बोलीची रूपे तशीच राहिली आणि त्या बोलीसह महाराष्ट्राने ती आपलीशी केली. पुढे ग्रामीण व दलित साहित्याने बोलीला निवेदनातही स्थान दिले, तेव्हा हेच तत्त्व महत्त्वाचे ठरले. बोलीतील हस्तलिखिताला प्रतसंस्करण लागतेच. फक्त तेथे एकवाक्यता तपासावयाची ती त्या बोलीच्या अंगभूत नियमांनी.

भाषिक संपादन मर्यादा ओलांडते तेव्हा काय होते, याचे आधुनिक उदाहरण रेमंड कार्व्हर (१९३८–८८) याच्या १९८१ मधील कथासंग्रहाचे आहे. संपादक गॉर्डन लिश याने काही कथा निम्म्याहून अधिक कमी केल्या व त्यांचे शेवट बदलले. जुलै १९८० मध्ये कार्व्हरने पत्र लिहून प्रकाशन थांबविण्याची विनवणी केली होती. तरीही ग्रंथ निघाला, त्याची कीर्ती झाली आणि मितभाषी शैलीचा लेखक म्हणून कार्व्हर ओळखला जाऊ लागला. मूळ कथा २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तेव्हा ती शैली कितपत त्याची व कितपत संपादकाची, हा प्रश्न वाचकांपुढे उभा राहिला.

वर्गीकरण व निवड : संपादनाचे प्रकार शास्त्रीय पद्धतीने वेगळे करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न साहित्याच्या क्षेत्राबाहेर झाला. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी या अवकाशसंशोधन संस्थेत रॉबर्ट व्हॅन ब्यूरेन व मेरी फ्रॅन ब्यूलर यांनी १९७६ मध्ये तांत्रिक अहवालांच्या संपादनाचे नऊ प्रकार व पाच पातळ्या निश्चित केल्या. सर्वांत हलक्या पातळीवर केवळ समन्वय आणि संस्थेच्या धोरणाची पूर्तता पाहिली जाई, तर सर्वांत वरच्या पातळीवर नऊही प्रकार लागू होत. काम सुरू होण्यापूर्वीच कोणती पातळी हवी, हे ठरत असल्याने वेळ व खर्च यांचा अंदाज बांधता येई आणि संपादकाचा अधिकार कोठपर्यंत आहे, हे लेखकालाही आधीच कळे.

वरील इतिहासावरून निवडीचे काही निकष निश्चित करता येतात. पहिला निकष दोषाच्या स्थानाचा. वाचक ग्रंथाच्या मध्यावर वाट चुकत असेल, तर वाक्ये घासूनपुसून उपयोग नाही, मांडणीच तपासावी लागते. मांडणी भक्कम असून वाक्ये अडखळत असतील, तर भाषिक संपादन पुरेसे होते आणि दोन्ही नीट असतील, तर प्रतसंस्करणापलीकडे जाणे हा अधिक्षेप ठरतो. दुसरा निकष क्रमाचा. जे प्रकरण पुढे वगळले जाणार आहे, त्याचे शुद्धलेखन आधी तपासणे म्हणजे श्रमांचा अपव्यय होय. म्हणून संरचना, भाषा, प्रतसंस्करण आणि शेवटी मुद्रितशोधन, हा क्रम सहसा मोडू नये. तिसरा निकष ग्रंथाच्या प्रकाराचा. शब्दकोश, विश्वकोश, पाठ्यपुस्तके व शास्त्रीय ग्रंथ यांत परिभाषेची एकरूपता वाचकाच्या हिताची असते. अनेक लेखकांच्या नोंदी एकाच वळणाने याव्या लागतात आणि तेथे वैयक्तिक शैलीला थोडी मुरड घालणे समर्थनीय ठरते. कविता, कथा व आत्मचरित्र यांत तीच एकरूपता घातक होते. चौथा निकष लेखकाचा. तो हयात असेल, तर बदलापेक्षा प्रश्न विचारणे श्रेयस्कर. तो हयात नसेल, तर केलेला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणे अनिवार्य होय.

संगणकावरील जुळणीमुळे मुद्रितांवरील फेरफारांचा खर्च पुष्कळच घटला आहे आणि वर्णलेखनातील चुका यंत्राच्या साहाय्याने शोधता येतात. मात्र १६३१ च्या बायबलमधील त्या आज्ञेत एकही शब्द चुकीच्या अक्षरांनी लिहिलेला नव्हता, एक शब्द फक्त गळाला होता. अशी चूक मूळ प्रतीशी ताडून पाहिल्यावाचून यंत्रालाही दिसत नाही. शिवाय बदल करणे सोपे झाल्याने आणि पूर्वीचा पाठ पुसला जात असल्याने कोणी, कोठे व का बदल केला, याची नोंद राखण्याची गरज वाढली आहे. ॲलेक्झांड्रियाच्या ग्रंथपालांनी समासात काढलेली रेघ ही अशा नोंदीची पहिली खूण होती.